निंबीच्या वाटेवरचं खडखडं

अमरावती
मार्गशीर्ष वद्य सप्तमी, शके १७९० (इंग्रजी सन १८६८)

चिरंजीव चंद्रभान याले बहीन शकुनचा आशीर्वाद.

मी सांगून राहिली अन् तुहे भाऊजी लिहून राहिले. त्याईले म्हटलं, मी बोलते तसंच लिहा, आपल्या मनानं त्याच्यात गूळ घालू नका.

आमचं इकडं बरं आहे. वांग्याले औंदा बहर चांगला आला. अंबादेवीच्या वाटेवर झेंडूचा टोपला घेऊन बसली का दुपारच्या आत रिकामा होते. पन माहं मन तुह्याकडं लागलं आहे.

वर्ष भरत आलं भाऊ, तुहं लेकरू गेल्याले. वच्छला अजून बोलत नाही मनतात. दिवाळीले मी निंबीले तुमच्या घरी आलती तवा तिच्यापाशी बसली, डोक्याले तेल लावून देल्लं, इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगितल्या. तिनं हूं का चूं केलं नाही. भाकरी थापते, सडा टाकते, अन् मंग पडवीत बसून भिताडाकडं पाहते. तिच्यावर माहा राग नाही. पन तुहं काय? अकोल्याच्या पेचावर रुई दाबून गाठी बांधनाऱ्या लोकायचा तू मुकादम, अन् कार्तिक लागला का चैतापर्यंत पेचाच्या झोपड्यायत राहतं, हातानं भाकर भाजून खातं. बाजाराच्या दिवशी तेवढा घरी जातं, तं घरी बोलनारं कोनी नाही.

दर्यापूरले आपल्या नात्यातले भगवंतराव आहेत. त्याईची बहीन शालू, नवरा वारल्यापासून माहेरीच आहे. कामाची आहे, हसरी आहे. तिच्याशी पाट लाव असं मी मनते. वच्छलाले कोनी घरातून काढत नाही, तिचीही भाकर आहेच. तू हो मन, बाकीचं मी पाहते.

अन् त्या झोपड्यायत राहू नोको. गेल्या सालच्या हैज्याच्या साथीत तिथून किती लोकायले उचललं ते मले आठवते.

शकुन

ता. क. नत्थुजीचा रामराम. वरचं समदं तुमच्या बहिनीचं. मी फक्त बोरू धरला.


अकोला
पौष शुद्ध दशमी, शके १७९०

तीर्थरूप बाई अन् भाऊजी यांसी चंद्रभानचा दंडवत.

पत्र पोचलं. वांगी चांगली आली हे वाचून बरं वाटलं. अक्षर जरा वाकडं दिसलं तर हसू नका, थंडीनं बोटं आखडतात.

इकडं एक नवल झालं आहे. गेल्या सालच्या हैज्यात आमच्या साहेबाच्या हाताखालची चांगली माणसं गेली, ते त्याच्या मनातून जात नाही. त्याच्या डोक्यात असं बसलं की माणूस झोपड्यांच्या गर्दीत झोपला म्हणून गेला. आपल्या गावच्या मोकळ्या हवेत झोपला असता तर राहिला असता. पण पेचाची घंटा होते उजेडाच्या आधी. तीन-तीन कोसांवरून कोण पायी येईल, अन् दिवसभर पेचाचे दांडे फिरवून कोण पायी परत जाईल?

तर साहेबानं फ्रान्स मुलखातून एक यंत्र आणवलं. बोटीनं मुंबई, मुंबईहून रेल्वेनं अकोला. पेटी उघडली तर आत दोन चाकं, एकामागं एक, मध्ये लोखंडाची दांडी, तिच्यावर बसायची गादी. पुढच्या चाकाला पाय ठेवायला पायटे. त्यावर बसून पायटे फिरवले की गाडी चालते. बैल नाही, घोडा नाही. साहेब त्याचं नाव सांगतो ते कोणाच्या जिभेवर बसत नाही. दगडावरून जाताना त्याचा असा आवाज होते की आमच्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं खडखडं.

साहेबानं सगळ्यांना मैदानात बसवलं अन् सांगितलं, "रात्री आपल्या गावी झोपा, आपल्या बायकापोरांत जेवा, सकाळी याच्यावर बसून या. जो याच्यावर येईल त्याला पहिली घंटा माफ." मग आमच्या सुताराला अन् लोहाराला बोलावून तसेच आणखी करायला सांगितले. बाभळीची चाकं अन् वर लोखंडी पट्टी. आता ते मूळच्याहून जड झाले आहेत, पण मजबूत आहेत.

लोक हसले, बाई. एक म्हणे धोतर अडकलं तर? दुसरा म्हणे, सासरच्या गावावरून जायचं आहे, मेहुण्यांनी पाहिलं तर जन्मभर तोंड दाखवता येणार नाही. खुशाल तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या शेजारच्या झोपडीतला, दोघं मिळून भाकरी भाजतो. तो म्हणाला, "दोन चाकावर उभं राहते ते पडाले राहते." साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मुकादम म्हणून लोकांना राजी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

बोलून कोणी ऐकेल असं दिसत नव्हतं. म्हणून मीच बसलो. मोर्णा नदीच्या काठच्या वाळूत रोज शिकतो आहे. खुशाल मागून गादी धरतो अन् शिव्या देतो. परवा त्यानं हात सोडला अन् मला सांगितलंच नाही. मी त्याच्याशी बोलत पुढं गेलो, उत्तर आलं नाही म्हणून मागं पाहिलं, तर तो दूर उभा राहून हसत होता.

थंडी फार आहे. तब्येतीला जपा.

चंद्रभान


अमरावती
पौष वद्य द्वादशी, शके १७९०

चिरंजीव चंद्रभान,

शालूचं मी काय लिहिलं होतं अन् तू काय लिहून राहिला? तीन-चार पानं त्या खडखड्याची, अन् माह्या गोष्टीले एक अक्षर नाही. मी काय भिताडाशी बोलली?

थंडीनं बोटं आखडतात मने! अकोल्याहून रुईच्या गाड्या घेऊन केशवराव आलते. ते मनाले, तुमच्या भावाचा हात गळ्यात बांधला आहे, वाळूत पडला. लहानपनी चिंचेवरून पडला तवाही असाच हात मागं लपवून जेवाले बसला होता. मायले कळलं नाही, मले कळलं होतं.

हात मोडून घेन्यात काय शहानपन आहे? साहेब लोकायचे खेळ साहेब लोकायले शोभतात. तू मुकादम आहे, लोकं तुले मानतात. दर्यापूरच्या मानसायच्या कानावर हे गेलं तं ते काय मनतीन?

हाताले हळद अन् तिळाचं तेल लाव. अन् शालूचं उत्तर धाड.

शकुन

ता. क. पाव्हणे, तुमची बहीन पान्याले गेली तवा मी हे लिहून राहिलो. ते वळवतात कसं? पुढचं चाक वळते का मागचं? थांबलं तं पाय कुठं टेकवायचे? बारीकसारीक लिहा.

नत्थुजी


अकोला
माघ शुद्ध एकादशी, शके १७९०

तीर्थरूप बाई अन् भाऊजी,

हात बरा आहे. खोटं लिहिलं म्हणून रागावू नका, काळजी कराल म्हणून लिहिलं नव्हतं. भाऊजी, पुढचं चाक वळते. थांबायच्या आधी जरा तिरपं व्हायचं अन् डावा पाय टेकवायचा. न थांबता राहिलं तर पडत नाही, एवढंच त्यात आहे.

आता मी रोज निंबीहून येतो अन् रोज निंबीला जातो.

बाई, तुम्हाला कसं सांगू? पहाटे निघालो की धुकं शेतावर इतकं खाली बसलेलं असते की पऱ्हाटी दिसत नाही, फक्त शेंड्यावर राहिलेलं एखादं बोंड पांढरं दिसते, पाण्यावर काही तरंगावं तसं. गव्हाचा वास येते. गाडीवाट आपल्या पायाखालून जाते अन् आवाज सगळा चाकाचा, आपला काहीच नाही. आधी वाटते की आपण पाय फिरवून राहिलो. मग थोड्या वेळानं पाय विसरतात. वाटते, चाक जागीच आहे अन् भुईच हळूहळू मागं सरकून राहिली. बाभळीचं बन आपल्याकडं चालत येते, बाजूनं जाते, मग सांगवीची विहीर येते अन् जाते. मी कोणाकडं जात नाही, सगळं माझ्याकडं येऊन राहिलं.

एक दिवस काळविटांचा कळप आला. धुक्यातूनच आला. माझ्या उजव्या हाताला, वाटेला समांतर, ते पळत होते अन् मी चालत होतो. एका नराचं शिंग इतकं जवळ होतं की त्यावरचं दव दिसलं. भ्याले नाहीत ते. मीही भ्यालो नाही. मला वाटलं मी अजून निंबीतच झोपलेलो आहे अन् वच्छला मला उठवायची आहे. मग नदीचा उतार आला, चाक जोरात निघालं, अन् पेचाची घंटा ऐकू आली.

लोकांना राजी कसं केलं, ते ऐका. मी काही केलं नाही. सकाळी आलो की झोपडीतले लोक विचारत, "काल काय जेवला?" मी सांगे, भाकर अन् ओल्या हरभऱ्याची भाजी. दुसऱ्या दिवशी सांगे, ज्वारीच्या कण्या अन् ताक. तिसऱ्या दिवशी, गरम भाकर अन् तिळाची चटणी, चुलीसमोर बसून. ते आपले ऐकत राहत. कोणाचं लेकरू चालायला लागलं असेल, कोणाची म्हतारी माय दारात बसली असेल. एक दिवस उगवा गावचा एक जण मागं मागं आला अन् हळूच म्हणाला, "मुकादम, मले शिकवतं का?" मग दोघं आले. आता सकाळी तीन गावांच्या वाटांवरून खडखड्यांचा आवाज येते अन् पुलाजवळ एकत्र होते. साहेब फाटकात उभा राहून टोपी हलवतो. त्यानं आमच्या गाड्यांसाठी कुडाची सावली करून दिली आहे.

खुशाल तेवढा आला नाही. त्याला मी फार म्हटलं. तो म्हणाला, "तू जातं तं तिकडं तुह्यासाठी दिवा आहे. माह्या घरी कोन आहे? बायको गेली, पोरगी सासरी. मी रिकाम्या घरी खडखडत जाऊन काय कुलपाले रामराम करू?"

दर्यापूरची घाई नको, बाई. माघात घाई नको.

चंद्रभान


अमरावती
फाल्गुन शुद्ध अष्टमी, शके १७९०

चिरंजीव चंद्रभान,

मी आता आडपडदा ठेवत नाही.

केशवराव परत अकोल्याहून आले. ते मनाले, शकुनबाई, तुमच्या भावाले मी तिन्हीसांजेले पाहिलं. त्या लोखंडी घोड्यावर असा जोरात जाऊन राहिला होता का माहे बैल बुजले. पुढं दांडीले पयसाची फुलं बांधली होती. अन् गानं मनून राहिला होता. हाक मारली तं त्याले ऐकूही आली नाही. तोंड नवरदेवासारखं होतं.

भाऊ, मी तुही मोठी बहीन आहे, मले काही कळत नाही असं समजू नोको. मले लिहितं, रोज घरी जातो. मुक्या बाईच्या घरी असं फुलं घेऊन, गानं मनत कोनी जात नाही. दिवसभर राबलेला मानूस तीन कोस चाक मारत जाते तं त्याले तिथं कोनी तरी बोलनारं, हसनारं पाहिजे. त्या वाटेवर दुसरी गावं आहेत, हे मले ठाऊक आहे. कोन आहे ते? कोनाची आहे? लगनाची आहे का? मले खरं सांग. मी मारत नाही तुले.

मनून तं शालूचं टाळून राहिला होतास! पन मी दर्यापूरच्या मानसायले शब्द देऊन बसली. ते वैशाखात अखजीच्या सनाले आमच्याकडं येनार आहेत, तुहं काय ते ठरवाले. त्याच्या आत मले उत्तर पाहिजे.

भाऊजी तुहे आज काही लिहीत नाहीत. मी त्याईले मनलं, आज तुमचं खडखडं नोको.

शकुन


अकोला
चैत्र शुद्ध चतुर्थी, शके १७९१

तीर्थरूप बाईस,

आहे. तुम्ही ओळखलं ते खरं आहे. त्या वाटेच्या टोकाला एक बाई आहे अन् मी तिच्यासाठीच जातो. ती निंबीची आहे. तिचं नाव वच्छला आहे.

बाई, मी आधी तिच्यासाठी जात नव्हतो. मोकळी हवा पाहिजे, गरम भाकर पाहिजे, म्हणून जात होतो. पहिल्या दिवशी मी अंगणात आलो अन् खडखडं कुडाला टेकवलं, तर ती उंबऱ्यात उभी होती. आवाज कसला म्हणून बाहेर आली असेल. मी जेवताना तिला वाटेवरचं सांगितलं. बोलायचं म्हणून बोललो, भिंतीशी बोलतात तसं. दुसऱ्या दिवशी ती अंगणात होती. मग कुडाच्या बाहेर. मग निंबाखाली. आता ती गावाच्या शिवेवर, मारुतीच्या पाराजवळ येऊन बसते. खडखड्याचा आवाज लांबून येते ना, सांगवीच्या विहिरीपासून. मी उतरतो, गाडी हातानं लोटत तिच्याबरोबर चालतो. ती काही बोलत नाही. मीच बोलतो. काळविटांचं सांगितलं तेव्हा ती उभी राहिली अन् मी पुढं सांगेपर्यंत चाललीच नाही.

एक दिवस सकाळी पाहिलं तर चाकाच्या आसाला करडईचं तेल लावलेलं होतं. रात्रीची भाजी कोरडी का होती ते आता समजलं. तेल इकडं आलं होतं.

पळसाची फुलं मी तिलाच नेली. तिनं ती मडक्यात ठेवली. गाणं कोणतं म्हणत होतो ते मला ठाऊक नाही, मी म्हणतो हेही केशवरावांकडून कळलं.

ती बोलेल का, हे मला माहीत नाही. नाही बोलली तरी चालेल, असं मी स्वतःशी म्हणतो. संध्याकाळी ती पारावर दिसते तेव्हा ते खरं वाटते.

दर्यापूरच्या लोकांना तुम्ही शब्द दिला, त्यांच्यापुढं तुमची मान खाली जाईल याचं मला वाईट वाटते. पण शालूबाईचं दुसरीकडं चांगलं होवो. मी यायचा नाही.

ऊन वाढून राहिलं. नदी आटली, डोह तेवढे राहिले. झोपड्यांकडं दोघातिघांना ओकाऱ्या झाल्या म्हणतात. काळजी करू नका, मी तर रात्री तिथं नसतोच.

चंद्रभान


अमरावती
चैत्र वद्य नवमी, शके १७९१

चंद्रभान पाव्हण्यांस नत्थुजीचा रामराम.

हे माहं पत्र आहे. तुमचं पत्र मी शकुनले वाचून दाखवलं. तिनं एकदा आणखी वाचाले लावलं, मंग उठून मळ्यात गेली अन् दिवस बुडेपर्यंत निंदत बसली. निंदाले तिथं काही नव्हतं. तेव्हापासून तुमच्यावर रागावली आहे का स्वतःवर, ते मले कळत नाही. विचारलं तं मनते, पानी द्या वांग्याले.

बडनेऱ्याच्या टेसनावर उतरलेले लोक सांगून राहिले का अकोल्यात हैजा लागला. पेच बंद केला मनतात. तुमी निंबीतच आहात ना? दोन अक्षरं धाडा.

नत्थुजी


अमरावती
वैशाख वद्य पंचमी, शके १७९१

चंद्रभान,

अखजी होऊन गेली. दर्यापूरचे आलते. त्याईले पाय धुवाले पानी देल्लं, जेवू घातलं, अन् मी हात जोडून मनलं, माहं चुकलं, माह्या भावाचा संसार आहे. शालू आतल्या घरात आली अन् मले मनते, बाई, रडू नका. मीच रडत होती, मले समजलं नाही.

आता तुले कोनी काही विचारत नाही. तू कसा आहे तेवढं लिही. तू लिहू शकत नसशीन तं कोनालेही लिहाले लाव.

तुही बहीन


निंबी
ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, शके १७९१

शकुनबाई, तुमाले वच्छलाचा नमस्कार.

मी सांगून राहिली अन् हे लिहून राहिले. हात अजून कापते त्यायचा, मनून अक्षर मोठं मोठं येऊन राहिलं. घाबरू नका. हे आहेत. भिताडाले टेकून बसले आहेत.

मले सांगता येत नाही नीट. गंज दिवसात बोलली नाही ना. जसं येते तसं सांगते.

त्या दिवशी मी पारावर बसली होती. दिवस बुडाला, आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी उगव्याचे लोक ह्यायचं चाक द्याले आमच्याकडं पायीच येऊन राहिले होते, चाकं हातानं लोटत. ते मनाले, वयनी, पेच बंद झाला, झोपड्यायत हैजा आहे. मुकादमाले साहेब मनाला, घरी जा. पन खुशाल आत पडला होता. मुकादमानं चाक आमच्या हाती देल्लं अन् आत गेला.

मी तशीच निघाली. शिवेच्या पलीकडं वर्षभरात मी गेली नव्हती. पन वाट मले ठाऊक होती. यायनं रोज सांगितली होती ना. मारुतीपासून बाभळीचं बन, मंग सांगवीची विहीर, मंग वाट वाकते तिथं पयस, मंग नदीचा उतार. समदं जिथं सांगितलं तिथंच होतं. धुळीत चाकाच्या खुना होत्या, जाताच्याही अन् येताच्याही. मी त्याच्यावरूनच चालली.

फाटकावर पहारेकरी. मनते, कोन तू, कोन पाहिजे? मी उभी. त्यानं परत विचारलं. मी तोंड उघडलं तं आवाज नाही. तो मनाला, मुकी आहे वाटते, हाकला हिले. अन् तो फाटक लावाले लागला.

बाई, आपल्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लगनातही मी लाजून अर्धंच घेतलं होतं, तुमी हसल्या होत्या. त्या दिवशी मी पुरं घेतलं. चंद्रभान. जोरानं घेतलं. चंद्रभान, चंद्रभान, असं फाटकाच्या सळया धरून. समदे लोक पाहाले लागले, साहेबही बाहेर आला. मले वाटे माहा आवाज नाही, दुसरंच कोनी ओरडून राहिलं. हे आत झोपडीत पडलेले होते. हे मनतात, मलेही तो आवाज ओळखू आला नाही, फक्त एवढं कळलं का कोनी तरी माहं नाव घेऊन राहिलं, मनून मी डोळे उघडले.

(बाई, हे खरं आहे. चंद्रभान.)

खुशालभाऊ त्या आधीच गेले होते. हे त्याईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, मंग ह्यायलेच लागलं. साहेबानं बैलगाडी देल्ली. मी ह्यायले निंबीले आनलं. तांदळाची पेज मीठ घालून घोट घोट पाजत राहिली, अन् बोलत राहिली. थांबली तं हे डोळे मिटत, मनून बोलत राहिली. काय बोलली ते मले आठवत नाही. चुलीचं, म्हशीचं, आमच्या लेकराचं.

हे विचारतात, इतके दिवस बोलली काहून नाही? तुमाले सांगते. लेकराले ताप चढला होता तवा मी हाका मारल्या. शेजाऱ्यायले मारल्या, देवाले मारल्या, अकोल्याच्या वाटेले मारल्या. कोनी येईपर्यंत लेकरू गेलं. मंग मले वाटलं, हाक मारून कोनी येत नाही तं बोलायचं कायले? पन औंदा मी हाक मारली नाही अन् हे आले. दुसऱ्या दिवशी आले. रोज आले. मी पारावर बसून तो आवाज ऐके अन् मले वाटे, आपन तोंडही उघडलं नाही अन् तरी कोनी येऊन राहिलं.

खुशालभाऊच्या पोरीले निरोप धाडला आहे. तिचं माहेर आता इथं.

एक गोष्ट सांगू का? तुमचं हरेक पत्र हे मले वाचून दाखवत. ह्यायले वाटे, मी ऐकत नाही. मी समदं ऐके. दर्यापूरचंही ऐकलं. तुमच्यावर माहा राग नाही. माहा भाऊ असा एकटा हातानं भाकरी भाजत असता तं मीही त्याच्यासाठी दुसरं घर पाहिलं असतं. दिवाळीले तुमी माह्या डोक्याले तेल लावलं होतं, तवा मले तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं वाटलं होतं. पन तवा ते जमलं नाही.

पेच परत चालू झाला. गाठीयचे ढीग साचले, मनून औंदा आखाडापर्यंत काम चालनार मनतात. झोपड्या साहेबानं जाळून टाकल्या. आता समदेच आपापल्या गावातून येतात, ज्याईले चाक जमत नाही तेही मागं कोनाच्या तरी सोबतीनं पायी येतात. ह्यायले पुढच्या आठवड्यात जायचं आहे. पन पाऊस पडला का आपल्या काळ्या मातीत चाक चालत नाही, चिखल असा भरते का ते फिरतच नाही. मंग हे पायीच येतीन, अन् पायी येनाऱ्याचा आवाज येत नाही.

मनून मी ठरवलं आहे, पारावर बसायचं नाही. सांगवीच्या विहिरीपर्यंत जायचं, अन् तिथून हाक मारायची.

तुमी या. भाऊजीले घेऊन या. दोघी जाऊ.

वच्छला